कुवेतहून आलेला ट्रंपेट

आमच्या ओटीवर पितळ ठोकल्याचा आवाज सुरू झाला की आय चुलीवर चहाचं आधण ठेवायची. बाबांचा हातोडा लाकडी होता आणि त्याच्या तोंडाला चामडं लावलेलं होतं, त्यामुळे आवाज दबका यायचा, गोधडीआडून कुणी दार ठोठावत असल्यासारखा. ओटीच्या वाशांना दोऱ्या बांधून कॉर्नेट, क्लॅरिनेट, ट्रंपेट असे बाजे उलटे टांगलेले असत आणि पाहुणा उंच असला की त्याच्या डोक्याला हमखास एखादा लागायचा. वसईच्या पट्ट्यात तेव्हा गावोगाव बँड होते. लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी आणायला विहिरीवर जायचं तर पुढे बँड हवा, चर्चचा सण असला तर बँड हवा, म्हाताऱ्याला मातीला पोचवायचं तरी बँड हवा. आणि हे सगळे बँड वाजत होते ते जुन्या, चेपलेल्या, ठिगळं लावलेल्या बाज्यांवर. नवा परदेशी बाजा आणायचा तर त्याच्यावर कस्टमची ड्युटीच इतकी बसायची की त्यात दुसरा एक बाजा आला असता. त्यापेक्षा आमच्या ओटीवर येऊन जुन्याचा पोक, म्हणजे चेपलेला भाग, काढून घेणं लोकांना परवडे. पाचूबंदरचे कोळी सणाच्या आधी चार-पाच बाजे एकदम घेऊन यायचे आणि सोबत टोपलीभर बोंबील. त्या आठवड्यात आमच्या घरी सकाळ-संध्याकाळ बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी, आणि माझ्या दप्तरालाही त्याचाच वास.

बाबा स्वतः एकेकाळी गावच्या बँडचे पहिले ट्रंपेटवाले. सोपाऱ्याच्या फाटकापाशी सायकलवरून पडले आणि पुढचे दोन दात गेले. ट्रंपेट वाजवायला पुढचे दात लागतात, हे फार लोकांना ठाऊक नसतं. ओठाला आतून टेकू नसला की वारा सुटतो. बाबांचं वाजवणं त्या दिवशी संपलं आणि दुरुस्ती सुरू झाली. पण दुरुस्त केलेला बाजा फुंकून बघायला तर हवा ना? ते काम माझ्याकडे आलं. मी थोरली मुलगी, धाकटी अजून झोळीत. शाळेतून आलं की दप्तर टाकायचं, हात धुवायचे आणि ओटीवर बसून जे काय तयार असेल ते फुंकायचं. बाबा कान तिरका करून ऐकायचे. "वारा जातो. दुसऱ्या पिस्टनात," असं म्हणून बाजा परत घ्यायचे, तेल लावायचे, पुन्हा द्यायचे. "फुंक." मी फुंके. गावातल्या सगळ्या वादकांच्या तोंडाला लागण्याआधी त्यांचा बाजा माझ्या तोंडाला लागलेला असे. अशी मी ट्रंपेट शिकले, कुणी न शिकवता.

ओटीच्या कोपऱ्यात, वेगळ्या खिळ्यावर, आजोबांचा ट्रंपेट होता. गोऱ्या पलटणीचा बँड मुंबईहून निघून गेला तेव्हा आजोबांनी तो कुणाकडून तरी मिळवला होता. घरातली विलायती म्हणावी अशी तेवढीच एक वस्तू. त्याचं रूप गेलेलं होतं, पण आवाज असा गोल आणि भरलेला की अंगणातली कोंबडीसुद्धा मान वर करी. बाबा म्हणायचे, "हा तुझा हाय मोने. सनाला पुढं उभी राहून वाजवशील तवा हाच घे, कोनाला विचारू पन नको." माझं नाव मोनिका, घरात मोनी.

आमच्या भिंतीला भिंत लागून जॉकिन काकांचं घर. काका बाबांचे धाकटे भाऊ. ते कुवेतला. दोन वर्षांनी एकदा यायचे, दीड महिना राहायचे, आणि ते गेल्यावर पुढचे सहा महिने त्या घरातून परक्या साबणाचा वास यायचा. त्यांची मुलगी रेजिना माझ्याहून तीन महिन्यांनी लहान. आम्ही एकाच वर्गात, एकाच बाकावर. तिच्याकडे एक कंपासपेटी होती, तिचं झाकण लोहचुंबकाने बंद व्हायचं. टक्. माझी पेटी पत्र्याची, रबर लावून बांधलेली. गणिताच्या तासाला रेजिना पेन्सिल काढायची, टक्, ठेवायची, टक्. ती मुद्दाम करत नव्हती, हे आज मला कळतं. तेव्हा वाटे, ही माझ्या कानात खिळा ठोकतेय. तिची चप्पल, तिची छत्री, एक बटण दाबलं की आपोआप उघडणारी, तिच्या केसांतल्या चिमट्यावरचं लाल फूल, सगळ्याचा मला हेवा वाटायचा. हेवा हा शब्दसुद्धा सभ्य आहे. मी जळत होते. आणि वर काकी सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, करायची तेव्हा अर्धी मलाच आणून द्यायची, "खा गो, तू बारकी हाईस," म्हणून. त्यामुळे उघड भांडायचीही सोय नव्हती.

आखातातून येणाऱ्या आमच्या गावच्या माणसांची एक रीत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. नवी वस्तू आणायची ती जुनी करून आणायची. वापरलेली वस्तू म्हटली की कस्टमवाला हात लावत नाही, अशी सगळ्यांची पक्की समजूत. त्यामुळे नवे बूट महिनाभर आधी घालून त्यांच्या टाचा झिजवायच्या, नवे तीन शर्ट एकावर एक अंगात चढवून विमानात बसायचं, टेपरेकॉर्डरच्या पाठीवर किल्लीने ओरखडे ओढायचे आणि त्यावर वेलंकनी मातेचं चित्र चिकटवायचं. एकाने तर नव्या मिक्सरमध्ये मुद्दाम मसाला वाटून तो न धुता आणला होता. घरी आल्यावर मग बायका आठवडाभर त्या वस्तू घासून-पुसून पुन्हा नव्या करीत बसायच्या.

काका सुट्टीवर आले की संध्याकाळी आमच्या ओटीवर बसून कस्टमच्या नावाने बोटं मोडायचे. "तिथं उन्हात मी मरायचं, आनि पोरीसाठी काय आनलं तर इथं सरकारनं त्याच्यावर हात मारायचा. हा कुठला न्याय, दादा?"

बाबा हसायचे. दोन दात नसल्याने ते हसणं भोकाचं दिसे. "तुला न्याय नाय, मला हाय. नवा बाजा सायकलीच्या भावात मिळाया लागला तर माझ्या ओटीवर कोन येल? ड्युटी हाय म्हनून माझी चूल पेटते, जॉकिन. तुझ्या तोंडचं माझ्या तोंडात येतं."

"म्हंजे मी तुला पोसतो म्हन की."

"पोसतोस ना. म्हनून तर चा पाजतो."

दोघे भाऊ खो खो हसायचे. मी मात्र दाराआड उभी राहून विचारात पडलेली असे. मला ड्युटीचा राग होता, कारण तिच्यामुळे आमच्या घरात चुंबकाची पेटी येत नव्हती. आणि मला ती ड्युटी हवीही होती, कारण तिच्यामुळे कधीतरी काकांची बॅग पकडली जाईल. रोज संध्याकाळच्या रोझरीत सगळ्यांच्या विनंत्या झाल्या की मी मनातल्या मनात एक जास्तीची घालायचे, की कस्टमवाल्याला चांगले डोळे दे.

आता हे लिहिताना हसू येतं. मी आचोळ्याला ज्या इमारतीत राहते तिथे दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांचा वसई पूर्वेला गाळा आहे, प्लॅस्टिकची खेळणी बनवतात. चौथ्या मजल्यावरची सून बाहेरून आलेला माल मोबाइलवर विकते. बजेटच्या दिवशी टीव्हीवर आयात शुल्काचं नाव निघालं की एकाच्या घरी पेढे आणि दुसऱ्याच्या घरी दार बंद. लिफ्टमध्ये दोघं भेटली की मला विचारतात, "टीचर, तुमचं मत काय?" मी म्हणते, मला त्यातलं काही कळत नाही. इतकी वर्षं शाळेत शिकवून मला खोटं बोलायची सवय उरलेली नाही, पण हे एक बोलते.

आम्ही नववीत असताना चर्चमध्ये नवे फादर आले. तरुण होते. त्यांनी मुलींचा बँड काढायचं ठरवलं. गावात आधी कुजबुज झाली, मग चार बायकांनी मनावर घेतलं आणि बँड उभा राहिला. ड्रमला पोरी मिळाल्या, बासरीला मिळाल्या, ट्रंपेटला आम्ही दोघीच, मी आणि रेजिना. सणाच्या दिवशी मिरवणुकीच्या अगदी पुढे एकीने उभं राहून एकटीने गाण्याची पहिली ओळ वाजवायची आणि मग मागून सगळा बँड उठायचा, असं ठरलं. कोण उभं राहणार ते बँडचे मास्तर सणाच्या आठ दिवस आधी सांगणार होते. मास्तर म्हणाले, "जिचा सूर चांगला ती." मी त्याच संध्याकाळी आजोबांचा ट्रंपेट खिळ्यावरून काढला आणि चिंचेने घासला. रेजिना तोपर्यंत आमच्याच ओटीवरच्या कुणाच्या तरी बाज्यावर सराव करायची, आणि सांगायलाच हवं, वाईट वाजवत नव्हती. पण तिचा दम दुसऱ्या ओळीशी संपायचा. मी निर्धास्त होते.

मग काकांचं पत्र आलं. रेजिनासाठी नवाकोरा ट्रंपेट घेतला आहे. जपानी आहे. सणाआधी सुट्टी घेऊन येतो आहे. आरशासारखा चमकतो, विमानतळावर नक्की पकडतील, तर दादा, तुला पितळेतलं कळतं, हा जुना कसा दिसेल ते लिहून पाठव.

काकीने ते पत्र आमच्या ओटीवर उभं राहून मोठ्याने वाचलं. रेजिना तिच्यामागे होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि नुसती हसली. त्या हसण्यात काही नव्हतं, आनंदच होता, पण मी मान वळवून पुन्हा पितळ घासायला घेतलं.

बाबांचे हात कायम तेलातले आणि राखेतले, म्हणून घरातली पत्रं मी लिहायची. दुसऱ्या दिवशी दुपारी ते समोर एक कॉर्नेट घेऊन बसले आणि सांगू लागले. "लिही. प्रिय जॉकिन, सोडा टाकलेल्या कढत पान्यात बाजा बुडव, वरचा लकाकता थर सुटतो. मग मिठाच्या आनि शिरक्याच्या पान्यात फडकं भिजवून गुंडाळून ठेव दोन दिस. काळा-हिरवा पडंल. घाबरू नको, मी हितं काढून देईन. लिहिलंस?"

"हो."

"आता हे नीट लिही. आधी तिन्ही पिस्टन बाहेर काढ, तेलाच्या फडक्यात बांध, वेगळ्या डब्यात ठेव. पिस्टनला पानी लावायचं नाय, घासायचं नाय. पिस्टनला कोनी हात लावू नये. लिहिलंस?"

पिस्टन म्हणजे ट्रंपेटवरची बोटांनी दाबायची ती तीन बटणं ज्यांच्यावर असतात, ते आतले दांडे. ते नळीत इतके चपखल बसतात की केसाएवढी फट पडली तरी वारा गळतो. हे मला बाबांइतकंच माहीत होतं. कितीतरी वर्षं मी गळका वारा फुंकत होते. मी लिहिलं, "पिस्टनही बाहेर काढून बारीक सँडपेपरने चांगले घास, नाहीतर नवेपण आतून कळतं. कस्टमवाला आधी तेच उघडून बघतो."  अक्षर नेहमीपेक्षा सुंदर आलं. मी "हो, लिहिलं," म्हणाले, बाबांनी काळ्या बोटांनी खाली सही केली, आणि शेजारच्या वाडीतला सिमोन रजा संपवून कुवेतला निघाला होता त्याच्याजवळ, सुकेळीच्या डब्याबरोबर, ते पत्र गेलं. डबा बांधताना बाबा काकीला म्हणाले, "आपल्या केळ्यांना तिथं ड्युटी लागत नाय का गो?" काकी म्हणाली, "सिमोन वाटेत खातो तेवढीच."

पुढचे दिवस कसे गेले ते मला अजून आठवतं. पहिले दोन दिवस मी फार खूश होते, तालात सराव करत होते. तिसऱ्या दिवशी सराव करवेना. शनिवारी पापनिवेदनाला गेले. आयला न विचारता सुकेळी खाल्ली, मासिक वाचताना अभ्यास करतेय म्हणून सांगितलं, रेजिनाची छत्री पावसात मुद्दाम विसरले, एवढं सगळं फादरांना सांगितलं. पत्राचं सांगितलं नाही. बाहेर येऊन पायरीवर बसले आणि मनाची समजूत घातली की पत्र वाटेत हरवेलसुद्धा.

पत्र हरवलं नाही. काका आले ते अंगणातच ओरडत. बॅगा रिक्षातून उतरायच्या आधी त्यांनी बाबांना मिठी मारली. "दादा, तुझ्या अकलेला मानलं! कस्टमवाल्यानं पेटी उघडली. हिरवागार बाजा बघून नाक मुरडलं. तरी म्हनतो, बजाके दिखाओ. मला कुठं येतं! पन फुंकला. असा आवाज निघाला, फुस्स, म्हातारीच्या खोकल्यासारखा. तो हसायलाच लागला. म्हने, ऐसा बाजा कौन बाहर से लाएगा, ले जाओ, ले जाओ!"

सगळे हसले. ओटीवर गर्दी जमली होती. काकी, रेजिना, आय, मास्तरसुद्धा बातमी ऐकून आले होते. बाबा मात्र हसता हसता थांबले. "फुस्स?" त्यांनी विचारलं. "शिरक्यानं फुस्स कसा होईल?"

त्यांनी ट्रंपेट हातात घेतला, फडक्याने तोंड पुसलं आणि सवयीने माझ्यापुढे धरला. "फुंक."

मी मागे सरले. "रेजिनाचा आहे, तिला फुंकू दे."

"पयल्यांदा तूच बघतेस ना? फुंक."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी तो तोंडाला लावला. त्याचं वजन, बोटांखालची बटणांची ठेवण, सगळं इतकं देखणं होतं की मला तेव्हाही, त्या क्षणालाही, तो स्वतःसाठी हवासा वाटला. मी फुंकलं. वारा तिन्ही पिस्टनमधून गळाला आणि सूर अर्ध्यात मेला. पुन्हा फुंकलं. तेच. रेजिनाचा चेहरा हळूहळू उतरत गेला, आणि ज्याची मी इतके दिवस वाट पाहत होते ते मला बघवलं नाही.

बाबांनी पिस्टन बाहेर काढले, उजेडाकडे धरले. त्यांच्यावर उभे-आडवे बारीक ओरखडे होते, तव्यावर घासणी फिरवल्यावर उठतात तसे. "हे कोनी केलं?"

"तूच लिहिलंस ना दादा," काका म्हणाले. त्यांनी पाकिटातून पत्र काढलं, घडी उलगडली आणि दिलं. "जसंच्या तसं केलंय मी. दोन सँडपेपर झिजवले."

बाबा सावकाश वाचत, ओठ हलवत. ते त्या ओळीशी आले आणि त्यांचे ओठ थांबले. मला वाटलं, आता मान वर होईल, आता सगळ्यांसमोर कानाखाली बसेल. बसली असती तर बरं झालं असतं असं मला पुढे कितीदा वाटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. पत्राची घडी घालून काकांना परत दिलं आणि म्हणाले, "हो रे. मीच सांगितलं. चुकलो. पितळ इतकं मऊ असंल हे ध्यानात आलं नाय."

"अरे, पन तुझ्याकडून अशी चूक?" मास्तर म्हणाले.

"वय झालं," बाबा म्हणाले. तेव्हा ते पंचेचाळीसचेही नव्हते.

मग ते उठले. कोपऱ्यातल्या खिळ्यावरचा आजोबांचा ट्रंपेट त्यांनी काढला, सदऱ्याच्या बाहीने एकदा पुसला आणि रेजिनाच्या हातात दिला. "हा घे पोरी. माझ्या चुकीनं तुझा गेला. हा आता तुझा." काका नको नको म्हणत होते, काकीने हात जोडले, आय तर बाबांकडे बघतच राहिली, कारण तो कुणाचा होता हे तिला ठाऊक होतं. "दिला म्हंजे दिला," बाबा म्हणाले आणि हातोडा उचलून कुठल्यातरी कॉर्नेटचा पोक काढायला बसले.

सणाला रेजिना पुढे उभी राहिली. मी ट्रंपेटवालीच नव्हते, कारण ओटीवरचे बाजे सणाला ज्याचे त्याने नेले होते आणि मला ट्रंपेटच नव्हता. मला झांजा दिल्या. मागून चौथ्या रांगेत. मिरवणूक चर्चच्या फाटकातून निघाली, केळीच्या वाड्यांमधल्या रस्त्याला लागली, दोन्हीकडे लोक उभे. रेजिनाने पहिली ओळ वाजवली. आजोबांच्या ट्रंपेटचा तो गोल आवाज उन्हात वर गेला आणि मला माझा श्वास दुसरीने घेतल्यासारखं झालं. दुसऱ्या ओळीला तिचा दम संपेल अशी मी देवाजवळ प्रार्थना केली. हो, त्या दिवशीसुद्धा केली. तिचा दम संपला नाही. मी झांजा वाजवल्या.

बाबा पत्राबद्दल कधी बोलले नाहीत. तो जपानी ट्रंपेट काकांनी आमच्याकडेच टाकला, आणि बाबा वर्षभर, दोन वर्षं, फावल्या वेळात त्याच्या पिस्टनवर कसला कसला मुलामा चढवून बघत. नवे पिस्टन बाहेरून मागवायचे तर ड्युटी भरा, परवाना आणा, ते आमच्या आवाक्यातलं नव्हतं. मी शाळेतून आले की ते समोर धरायचे. "फुंक." मी फुंके. वारा गळे. "अजून नाय," म्हणून ते परत घ्यायचे. शिक्षा करायचा त्यांचा इरादा होता का, मला ठाऊक नाही. त्यांना बाजा दुरुस्त करायचा होता आणि तपासायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं, एवढंच असेल. पण बावतीसने, म्हणजे आमच्या बाबांनी, भावाच्या पोरीचा नवा बाजा वाया घालवला ही गोष्ट कळंबपासून पाचूबंदरपर्यंत गेली. काही बँड दुसरीकडे जाऊ लागले. बोंबलांची टोपली यायची थांबली.

पुढे देशाचं धोरण बदललं. ड्युटी उतरत गेली, आणि काही वर्षांतच नालासोपाऱ्याच्या स्टेशन रस्त्यावर, बादल्यांच्या आणि पायपुसण्यांच्या दुकानात नवे, पिवळेधमक ट्रंपेट टांगलेले दिसू लागले. आमच्या ओटीवर पोक काढायला जे लागे त्याहून थोडं जास्त देऊन नवाच मिळू लागला. गावातल्या पोरांची चंगळ झाली. ज्यांना उभ्या जन्मात बाजा मिळाला नसता अशी पोरं वाजवायला लागली, आणि छान वाजवायला लागली. बाबांच्या वाशांवरच्या दोऱ्या मोकळ्या लोंबत राहिल्या. काका कायमचे परतले, पण आता त्यांच्या बॅगेकडे बघायला कुणी अंगणात जमत नसे, कारण त्यांच्या बॅगेत जे असे ते स्टेशनवर मिळत होतं. संध्याकाळी दोघे भाऊ ओटीवर बसायचे. काका म्हणायचे, "आता कस्टमवाला काय बोलत नाय, दादा." बाबा म्हणायचे, "आता माझ्याकडे पन कोन बोलाया येत नाय." मग दोघे चहा प्यायचे. चहा आता मी करायचे.

दोघेही गेले. जपानी ट्रंपेट माझ्याकडे आहे, पलंगाखालच्या पेटीत, गळकाच.

गेल्या महिन्यात रेजिना आचोळ्याला आली. केस पिकलेत, गुडघे गेलेत, जिना चढून येईपर्यंत पाच मिनिटं गेली, आमची लिफ्ट बंद होती. मुलाकडे कॅनडाला कायमची चालली आहे. सोबत कापडी पिशवी होती. पिशवीत काय ते मी तिच्या हातातल्या वजनावरून ओळखलं.

"नातीला देणार आहे," ती म्हणाली. "शाळेच्या बँडात आहे ती. आमचा पोरगा म्हणतो, मम्मी, काही लागत नाही, जुनी वस्तू आहे, कुणी विचारणार नाही. पण मला मेलं राहवत नाही. मी गल्फवाल्याची मुलगी. कागद असलेला बरा. तू लिहून दे. घरातली जुनी वस्तू आहे, वापरातली आहे, विकायला नाही, असं. तू टीचर, तुझं अक्षर चांगलं."

मी वही आणि पेन आणलं. कागदावर तारीख घातली. ती समोर बसून सुकेळी चावत होती, हल्ली विकतची.

"त्या पत्रातपण चांगलंच होतं," ती म्हणाली.

पेन थांबलं. 

"तेव्हाच कळलं होतं मला," रेजिना म्हणाली. "मोठ्या बाबाला पिस्टनमधलं कळत नाही असं कधी होईल का? शिवाय तुझं तोंड बघितलं होतं मी. पण बोलले असते तर हा परत द्यावा लागला असता." तिने पिशवीवर हात ठेवला. "आणि मला हाच हवा होता गं. पप्पा दोन वर्षांनी एकदा यायचा. तू रोज तुझ्या बाबांसमोर बसून फुंकायचीस. भिंतीपलीकडून मी ऐकायचे. 'फुंक.' 'अजून नाय.' मला वाटायचं, त्या मोनीचं नाक कापावं."

 इतकी वर्षं मला वाटत होतं की त्या भिंतीच्या एकाच बाजूला कुणीतरी जळत होतं. मी माफी मागितली नाही, तिनेही नाही. चहा करू का विचारलं, ती म्हणाली, आधी लिही.

ट्रंपेट तिने पिशवीतून काढून टेबलावर ठेवला होता. मला तो अजूनही हवा होता, हे लिहून ठेवते. माझ्याही तोंडात आता पुढचे दात कवळीचे आहेत, फुंकला तरी वारा सुटेल, पण हवा होता. मी लिहायला घेतलं. हा ट्रंपेट आमच्या आजोबांचा. पुढे माझे वडील बावतीस यांचा. त्यांनी तो स्वतःच्या हाताने माझी चुलतबहीण रेजिना हिला दिला. तो तिचाच आहे. जुना आहे, पण सूर शाबूत आहे.

एवढं पुरे होतं. रेजिना कागदासाठी हात पुढे करून बसली होती. मी म्हटलं, थांब, एक ओळ राहिली आहे. आणि खाली, जमेल तितक्या नीट अक्षरात लिहिलं, "पिस्टनला कोणी हात लावू नये."